सर्वेक्षणाचा कागद आणि युनियनचा शिक्का

(रेल्वे व डाक शाखांच्या पदाधिकाऱ्यांच्या संयुक्त अभ्यासवर्गात केलेले भाषण. बोलण्यातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



मला दिलेला विषय ऐकायला किरकोळ वाटेल. बाहेरचा कोणी माणूस युनियनच्या कचेरीत येतो. हातात प्रश्नावलींचा गठ्ठा असतो. म्हणतो, "साहेब, माझे संशोधन चालू आहे, एवढे फॉर्म तुमच्या सभासदांकडून भरून द्या." हल्ली गठ्ठाही नसतो. फोनवर एक लिंक येते आणि "आपल्या ग्रुपवर टाका" एवढी विनंती येते. अशा वेळी शाखा सचिवाने काय करावे, एवढाच आजचा विषय आहे.

रिक्त जागा, पेन्शन, वेतन आयोग असे मोठे प्रश्न समोर असताना हे कुठून काढले, असे काहींच्या मनात आले असेल. म्हणून आधी माझ्याच दोन चुका सांगतो. पहिली चूक मी केली, आणि ती सुधारायला गेलो तेव्हा दुसरी केली.

पंधरा वर्षे तरी झाली असतील. मी तेव्हा शाखा सचिव होतो. एक तरुण मुलगा आला. बोलायला नम्र, कुठल्याशा व्यवस्थापन अभ्यासक्रमाचा विद्यार्थी. त्याचा विषय होता रनिंग स्टाफची झोप आणि थकवा. विषय मला लगेच पटला. लागोपाठच्या रात्रपाळ्यांबद्दल आम्ही तेच तर ओरडून सांगत होतो. मी प्रश्नावली वरवर चाळली, पहिल्या पानावर युनियनचा शिक्का मारला, सही केली आणि फॉर्म लॉबीत व रनिंग रूममध्ये ठेवायला सांगितले. वरच्या बाजूला नाव, हुद्दा आणि पी. एफ. नंबर असे रकाने होते. मला त्यात काही वावगे दिसले नाही. आपल्याकडे कुठला फॉर्म नाव-नंबराशिवाय असतो?

आत एक प्रश्न होता : गाडी चालवताना तुम्हाला कधी डुलकी लागली आहे काय? चाळीसेक जणांनी फॉर्म भरले. एका जुन्या, अनुभवी लोको पायलटने खरे ते लिहिले. सलग चौथ्या रात्री दोनदा डोळा लागला, असिस्टंटने हाक मारली म्हणून सावध झालो, असे लिहिले. त्या मुलाने वरच्या कार्यालयातूनही परवानगी घेतली होती आणि अहवालाची एक प्रत तिथे द्यायचे कबूल केले होते. हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. त्याच्या मनात कपट नव्हते, असे मी आजही मानतो. पण अहवालाच्या शेवटी भरलेले फॉर्म जसेच्या तसे जोडलेले होते.

महिन्याभरात त्या लोको पायलटला बोलावणे आले. चार्जशीट नाही, लेखी काही नाही. "तुम्हीच असे लिहिले आहे, मग तुम्हाला मेन लाईनवर ठेवायचे कसे?" एवढेच विचारले, आणि त्यांना तीन महिने यार्डात शंटिंगवर बसवले. मायलेज बुडाले. रात्रपाळ्यांचा रोस्टर मात्र होता तसाच राहिला.

मी त्यांच्या घरी गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "भाऊ, कागदावर युनियनचा शिक्का होता म्हणून खरे लिहिले. नाहीतर मी कशाला लिहिले असते?"

त्या वाक्याने मला बरेच दिवस झोप आली नाही. पुढच्याच बैठकीत आम्ही ठराव केला की बाहेरची कोणतीही प्रश्नावली यापुढे स्वीकारायची नाही. ही दुसरी चूक.

त्यानंतर वर्षभराने एक प्राध्यापिका बाई आल्या. विद्यापीठाचे पत्र होते. ट्रॅकवर, गेटवर आणि लहान स्टेशनांवर काम करणाऱ्या महिलांना शौचालय, पाणी आणि कपडे बदलायला आडोसा मिळतो का, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. मी त्यांना ठराव दाखवला. बाईंनी चहा घेतला आणि गेल्या. पुढे दोन वर्षांनी आम्ही हाच प्रश्न पीएनएमच्या बैठकीत मांडला. समोरून विचारणा झाली : किती ठिकाणी? किती महिला? जवळचे शौचालय किती अंतरावर? लेखी तक्रारी किती? आमच्याकडे सगळे तोंडी होते. भगिनींनी सांगितलेले होते आणि खरे होते, पण कागदावर एक ओळ नव्हती. "माहिती मिळाल्यावर विचार करू" असा शेरा पडला आणि विषय दीड वर्ष लोंबकळला.

मित्रहो, डोळे झाकून शिक्का मारला तेव्हा एका माणसाचे नुकसान झाले. डोळे झाकून नकार दिला तेव्हा आमच्या भगिनींचे नुकसान झाले. म्हणून हे काम नियमाने करावे लागते. माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे की युनियनने बाहेरच्या सर्वेक्षणाचा पोस्टमन होऊ नये आणि पहारेकरीही होऊ नये. युनियनने जामीनदार व्हावे. जामीनदार सही करण्याआधी कागद वाचतो, कारण उद्या भरपाई त्याच्या घरातून जाते.

आता सर्वेक्षण ही काय ताकदीची चीज आहे, ते थोडक्यात सांगतो.

मुंबईत १९२१ साली सरकारने लेबर ऑफिस काढले. त्या कचेरीने १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले आणि १९२३ साली अहवाल छापला. धान्याच्या बाबतीत त्यात निघालेला निष्कर्ष असा होता : दुष्काळी कामावरच्या माणसाला नियमाप्रमाणे जास्तीत जास्त जेवढे धान्य मिळे, तेवढेच मुंबईच्या कामगाराच्या पोटात जात होते, आणि मुंबईच्या तुरुंगात कैद्याला ठरवून दिलेल्या आहारापेक्षा ते कमी होते. हे कोणा पुढाऱ्याने सभेत म्हटले असते तर सरकारने हसण्यावारी नेले असते. पण ते सरकारच्याच अहवालात आकड्यांनिशी आले. आणि ते आकडे आले कुठून? चाळीतल्या खोलीत बसून आपला जमाखर्च सांगणाऱ्या बायाबापड्यांकडून.

आज तुमच्या-आमच्या पगारात जो महागाई भत्ता येतो, त्याचेही मूळ असेच आहे. केंद्र सरकारी नोकरांचा भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो, तो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर. तो निर्देशांक लेबर ब्युरो काढते. त्यात कोणत्या वस्तूला किती वजन द्यायचे, हे कामगार कुटुंबांच्या उत्पन्न-खर्चाच्या सर्वेक्षणातून ठरते. त्यासाठी सात क्षेत्रांतील कामगार कुटुंबे घेतात : कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, मोटार वाहतूक, वीज आणि बंदरे. २००१ पायाभूत असलेल्या मालिकेत अन्न आणि पेये यांचे वजन ४६.२० टक्के होते. २०१६ पायाभूत धरलेली नवी मालिका २०२० च्या ऑक्टोबरात आली, तीत ते ३९.१७ टक्के झाले. औषधपाणी, शिक्षण, प्रवास, फोन हे ज्यात येते त्या किरकोळ गटाचे वजन २३.२६ वरून ३०.३१ टक्के झाले.

याचा अर्थ साधा आहे. डाळ आणि तेल महागले तर निर्देशांक पूर्वीइतका उडी मारणार नाही. शाळेची फी आणि दवाखाना महागला तर जास्त मारेल. म्हणून लेबर ब्युरोचा माणूस तुमच्या क्वार्टरच्या दारात वही घेऊन आला आणि वहिनींनी "काही नाही हो, भागते आमचे" म्हणून फी आणि औषधे सांगितलीच नाहीत, तर तो खर्च हिशेबातून गेला. एका घराने फार फरक पडत नाही, पण हजारो घरांनी असेच केले तर वजन चुकते आणि ते चुकीचे वजन पुढची कित्येक वर्षे सगळ्यांच्या पगाराला लागते. पोस्टातल्या बंधूंनो, त्या सात क्षेत्रांत पोस्ट नाही, पण भत्ता तुम्हालाही त्याच निर्देशांकावर मिळतो. त्यामुळे रेल्वेवाल्याच्या घरी बसून कोणी काय लिहून नेले, हा तुमचाही प्रश्न आहे.

मुंबईत तर १९६३ साली निर्देशांकाचा हिशेबच चुकतो आहे, भाववाढ कमी दाखवली जाते आहे, असा आवाज कामगारांनी उठवला होता. राज्य सरकारला डॉ. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली, आणि कामगारांची तक्रार निराधार नव्हती हे समितीच्या तपासणीत दिसले. आकडा कसा तयार होतो हे ज्याला समजते, त्यालाच तो चुकला आहे हे सांगता येते.

रेल्वेवाल्यांसाठी आणखी एक उदाहरण घरातलेच आहे. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या १९४७ च्या निवाड्यापासून आपल्या ड्यूटीचे वर्ग ठरतात : इंटेन्सिव्ह, कंटिन्युअस, इसेन्शियली इंटरमिटंट आणि एक्सक्लुडेड. एखादी जागा कोणत्या वर्गात बसते हे जॉब अ‍ॅनालिसिसने ठरते. सलग ७२ तास माणूस वही घेऊन गेटवर बसतो, किती वेळा फाटक पडले, किती वेळ हात रिकामे होते, हे लिहितो. हेही एक सर्वेक्षणच. गेटमन संकोचाने म्हणाला, "चाललंय साहेब, फार काम नाही," तर त्याची बारा तासांची ड्यूटी पक्की झाली म्हणून समजा. ते तीन दिवस युनियनचा माणूस तिथे हजर का असावा, हे आपण सगळे जाणतो. मग बाहेरच्या माणसाच्या वहीबाबत आपण बेफिकीर का राहतो?

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. आमच्या विभागात काही वर्षे आम्ही हे नियम पाळतो. ते वेदवाक्य नाही, तुम्ही आपल्या शाखेप्रमाणे बदल करा.

पहिला नियम. अर्ज लेखी हवा. कोण विचारतो, कोणत्या संस्थेतून, मार्गदर्शक कोण, पैसा कोणाचा आणि अहवालाची प्रत कोणाकोणाला जाणार, या पाच गोष्टी त्यात असल्याच पाहिजेत. माझ्या वेळी पाचवा प्रश्न विचारला असता तर पुढचा प्रसंग टळला असता. संस्थेत फोन करून खात्री करायची, पण अर्जावर दिलेल्या नंबरावर करायची नाही. संस्थेचा नंबर आपण स्वतः शोधायचा. विषय प्रकृतीचा, झोपेचा, व्यसनाचा किंवा मानसिक ताणाचा असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीचे पत्र मागायचे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा समितीची मंजुरी आणि माहिती देऊन घेतलेली संमती या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. खरा संशोधक हे पत्र आनंदाने देतो. जो टाळाटाळ करतो त्याला तिथेच नमस्कार करावा.

दुसरा नियम. संपूर्ण प्रश्नावली आधी पाहायची, आणि ती सचिवाने एकट्याने पाहायची नाही. एक ट्रॅकवरचा, एक कचेरीतला आणि एक महिला सभासद असे तिघे बसून ती वाचतात. किती मिनिटे लागतात ते घड्याळात बघतात. दहा मिनिटे सांगून चाळीस मिनिटांचे फॉर्म आलेले आम्ही पाहिले आहेत. भाषा कळते का ते बघतात. इंग्रजी फॉर्म गँगमध्ये गेला तर मुकादम सगळ्यांचा मिळून एकच भरतो. प्रश्न एकतर्फी आहेत का तेही बघतात. "खासगी कंपनी आल्याने सेवा सुधारेल असे आपल्याला वाटते ना?" असा प्रश्न असेल तर त्याचे उत्तर आधीच ठरलेले आहे. तसेच "युनियनने तुमच्यासाठी भरपूर केले आहे ना?" हाही वाईट प्रश्न आहे, तो आपल्या बाजूचा असला तरी.

तिसरा नियम. नाव नाही, पी. एफ. नंबर नाही, मोबाईल नाही. एवढ्यावर थांबू नका. नाव नसतानाही माणूस ओळखता येतो. फॉर्मवर स्टेशनचे नाव, हुद्दा आणि स्त्री की पुरुष एवढे लिहिले, आणि त्या स्टेशनवर एकच महिला पॉइंट्समन असली, तर नाव लिहिले काय आणि न लिहिले काय! पोस्टात हे जास्त आहे. खेड्यातल्या शाखा डाकघरात बहुतेक ठिकाणी एकच शाखा डाकपाल असतो. गावाचे नाव म्हणजे त्याचेच नाव. म्हणून आम्ही स्टेशनऐवजी सेक्शन आणि गावाऐवजी जिल्हा लिहायला लावतो. लिंक असेल तर ती भरणाऱ्याचा ई-मेल पत्ता आपोआप घेते का, हे एखाद्या जाणत्या मुलाकडून तपासून घेतो.

चौथा नियम. सभासदांची यादी कोणालाही द्यायची नाही. कितीही मोठी संस्था असो, कितीही ओळखीचा माणूस असो. वर्गणी भरताना सभासदाने आपला नंबर युनियनला दिला, तो युनियनच्या कामासाठी दिला. प्रश्नावली योग्य वाटली तर ती आपण आपल्या हाताने सभासदांपर्यंत पोचवू, आणि ज्याला उत्तर द्यायचे आहे तो थेट संशोधकाला देईल. यादी बाहेर गेली की आज संशोधक, उद्या विमा एजंट आणि परवा कर्ज देणारी कंपनी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. त्या कायद्यातही संमती मोकळेपणाने, ठरावीक कामापुरती आणि समजून-उमजून दिलेली हवी, आणि ती मागे घेता आली पाहिजे, असे तत्त्व आहे. पण कायदा नसता तरी यादी देणे चूकच ठरले असते.

पाचवा नियम. सक्ती नाही. हजेरीच्या वेळी, सुपरवायझरसमोर, पगाराच्या दिवशी रांगेत, असे फॉर्म भरून घ्यायचे नाहीत. सोबतच्या पत्रात आम्ही ठरलेला मजकूर टाकतो : ही विनंती युनियन फक्त आपल्यापर्यंत पोचवत आहे, उत्तर देणे न देणे आपल्या मर्जीवर आहे, न दिल्यास कोणाचेही काही बिघडणार नाही. या पत्रावर शिक्का असतो. प्रश्नावलीवर नसतो.

सहावा नियम. निर्णय कार्यकारिणीचा. सचिवाच्या मेहुण्याची मुलगी पीएच. डी. करते म्हणून फॉर्म गेला, असे होता कामा नये. आम्ही एक नोंदवही ठेवली आहे. अर्ज कधी आला, कोणी वाचला, काय ठरले आणि का ठरले, हे तीत लिहितो. नकार दिला तरी तीन आठवड्यांत कारणासह कळवतो. पोरांचे शिक्षण अडकलेले असते, त्यांना महिनोन् महिने ताटकळत ठेवणे बरे नव्हे. आणि वर्षाला तीनपेक्षा जास्त प्रश्नावल्या एका शाखेत जाऊ देत नाही. रोज एक लिंक येऊ लागली की माणसे सगळ्याच लिंका पुसून टाकतात, कामाचीही आणि बिनकामाचीही.

सातवा नियम, आणि माझ्या मते हा सर्वांत मोठा. निकाल परत आला पाहिजे. मराठीत आणि हिंदीत दोन पानांचा सारांश, आणि जमल्यास शाखेच्या सभेत अर्धा तास बोलणे, हे आम्ही आधीच लिहून घेतो. आपल्या माणसाने वेळ दिला, मनातले सांगितले, आणि त्याचे पुढे काय झाले हे त्याला कधीच कळले नाही, असे वर्षानुवर्षे चालले आहे. संशोधकाला पदवी मिळते, ग्रंथालयात जाड पुस्तक जाते आणि गँगमन आहे तिथेच राहतो. ज्याने निकाल परत दिला नाही, त्याच्या संस्थेचा पुढचा अर्ज आम्ही बाजूला ठेवतो.

येथे एक पथ्य आपल्यालाही आहे. निकाल आपल्या विरुद्ध गेला तर तो दडपायला सांगायचे नाही. एका सर्वेक्षणात निघाले की शाखेच्या सभेला लोक येत नाहीत, कारण पदाधिकारी फोन उचलत नाहीत. तो पदाधिकारी मीच होतो. वाईट वाटले, पण सारांश फलकावर लावला. त्यानंतर संध्याकाळी सात ते आठ मी फोन घेऊन बसू लागलो.

काही बाबतीत मात्र चर्चा न करता नाही म्हणायचे. माल किंवा विमा विकण्यासाठी केलेली पाहणी, मान्यतेच्या निवडणुकीच्या तोंडावर निघालेल्या मतचाचण्या, आधार, बँक खाते किंवा ओटीपी विचारणारे फॉर्म. हे आले की लगेच सभासदांनाही सावध करायचे. अशा लिंकांवरून पैसे जातात, हे पोस्टाच्या बचत बँकेत बसणाऱ्या बंधूंना मी काय सांगावे!

प्रशासनाचे स्वतःचे सर्वेक्षण आले तर? ते नाकारण्याचे कारण नाही. पण उत्तरे कोणाविरुद्ध शिस्तभंगासाठी वापरली जाणार नाहीत, हे आधी लेखी मागायचे आणि निकालाची प्रत युनियनला मिळाली पाहिजे असे बैठकीच्या इतिवृत्तात घ्यायचे. वेतन आयोगाची प्रश्नावली ही तर वेगळीच गोष्ट. सातव्या आयोगाने २०१४ साली प्रश्नावली काढली होती, तशी ती निघाली की तिथे शाखाशाखांतून माहिती गोळा करून पूर्ण तयारीने उत्तर देणे हे आपले कर्तव्यच आहे.

दोन शंका नेहमी विचारल्या जातात. पहिली अशी की एवढे नियम लावले तर कोणी येणारच नाही. आमचा अनुभव उलटा आहे. हौशे-गवशे कमी झाले, आणि जे आले त्यांना उत्तरेही जास्त मिळाली, कारण सभासदाला माहीत असते की शाखेने हे आधी वाचले आहे. दुसरी शंका अशी की फोनवर पन्नास उत्तरे आली म्हणजे कामगारांचे मत कळले काय? नाही. रेल्वेत सुमारे १२ लाख माणसे आहेत. लिंक भरतो तो फोन हाताळणारा आणि फुरसत असणारा. तळपत्या उन्हात रूळ बदलणारा, आणि दुपारी डाक वाटून संध्याकाळी शेतात जाणारा ग्रामीण डाक सेवक त्यात नसतो. म्हणून आम्ही संशोधकाला सांगतो की थोडे फॉर्म कागदावर आणा, गँगच्या ठिकाणी सुट्टीच्या वेळेत या, ज्याला लिहिता येत नाही त्याचे तोंडी ऐका. आणि अहवालात किती जणांना विचारले व किती जणांनी उत्तर दिले, हे दोन्ही आकडे छापा.

बंधू-भगिनींनो, शेवटचे सांगून थांबतो.

जुना ठराव आम्ही रद्द केला तेव्हा मी त्या प्राध्यापिका बाईंना फोन केला आणि माफी मागितली. त्या मनाने मोठ्या. त्यांनी आपली विद्यार्थिनी पाठवली. फॉर्मवर नावे नव्हती, आमच्या महिला कार्यकर्त्यांनीच ते वाटले, आणि उत्तराची पाकिटे बंद करून थेट विद्यापीठात गेली. दोन पानी सारांश आला. कोणत्या सेक्शनमध्ये जवळचे शौचालय किती अंतरावर आहे आणि पाळीच्या दिवसांत बायका रजा का टाकतात, हे सगळे त्यात आकड्यांत होते. तो कागद आम्ही पीएनएममध्ये ठेवला. या वेळी "माहिती मिळाल्यावर" असा शेरा मारायला जागा उरली नाही. सगळीकडे काम झाले असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी झाले, काही ठिकाणी पत्रव्यवहार अजून चालू आहे. पण विषय बंद झालेला नाही.

आणि ते लोको पायलट. निवृत्तीच्या आधी मी त्यांना आमचे नियम वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले. म्हणाले, "यात एक राहिले, भाऊ. वाटण्याआधी सचिवाने तो फॉर्म स्वतः भरून बघावा. सगळी खरी उत्तरे लिहावीत. आणि तो भरलेला कागद साहेबाच्या टेबलावर पडला तर चालेल का, हे स्वतःला विचारावे. चालत असेल तर वाटावा."

तो आमचा आठवा नियम आहे. नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. तुम्हीही आपापल्या शाखेत एक वही करा आणि पहिल्या पानावर तो लिहा, एवढी विनंती करून माझे भाषण संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!